थापाड्याचं दुखणं

आमच्या गावात माणूस मेला तर लोक रडतात, तापानं पडला तर डबा पोचवतात आणि उदास झाला तर त्याला भरीत खायला घालतात. या तिसऱ्या गोष्टीवर माझा राग आहे. पहिल्या दोन फार चांगल्या आहेत असंही मी म्हणणार नाही, कारण कोण किती खरं रडतं आणि डब्यात भाजी किती पातळ येते ते मी पाहिलंय. पण राग तिसरीवरच.

मी केळीवाला. तापीकाठचं गाव, जळगावहून तासाभरात येता येतं. आमच्या पारावर कोणालाही विचारा, केळीवाले कुठे राहतात, तर कोणी बोट दाखवणार नाही, कारण सगळेच केळीवाले. पण थापाड्या कुठे राहतो विचारा, दोन माणसं तुम्हाला हाताला धरून माझ्या ओट्यावर आणून बसवतील. मी एकदा सांगितलं होतं की माझ्या मळ्यातला एक घड एवढा लांब वाढला की वरची फणी पिकून गळाली तरी खालची फणी अजून फुलातच होती. घड उतरवायला चार माणसं लागली आणि झाडाची समजूत काढायला पाचवा. लोक पोट धरून हसले. तीस वर्षं असं चाललं. लग्न असो, तेरावं असो, ग्रामपंचायतीची निवडणूक असो, मला पुढं बसवायचं आणि म्हणायचं, हं, होऊ द्या.

एकच माणूस हसत नसे. माझा चुलतभाऊ. त्याचा मळा माझ्या मळ्याला लागून, मधे फक्त माझी विहीर. नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं. कारण सांगतो, कारण ते माझ्याच तोंडातून निघालं होतं. त्याच्या पोरीला बघायला भडगावकडची मंडळी आली होती. फाट्यावर चहा प्यायला थांबली, तिथं मी. ओळखपाळख झाली आणि माझी जीभ सुटली. मी म्हणालो, पोरगी लाखात एक, फक्त झोपेत चालते. एकदा झोपेतच चालत बोदवडच्या स्टेशनावर गेली, खिडकीवर परतीचं तिकीट काढलं, रांगेत दोन बायांशी भांडली, घरी येऊन पांघरुणात शिरली, तरी जाग नाही. मंडळी खूप हसली. चहाचा दुसरा कप मागवला. आणि तिथूनच गाडी वळवून भडगावला परत गेली. पोरीच्या घरी पोह्यांना फोडणी पडलेली होती.

मी दुसऱ्या दिवशी सांगायला गेलो की अरे गंमत होती. चुलतभाऊ ओट्यावर उभा होता. आत ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही. दार लावून घेतलं. मीही मग रागावलो. एवढं काय, म्हटलं, हसायची अक्कल नाही घरात कोणाला. चूक माझी आणि राग त्याच्यावर, असं नऊ वर्षं मी मोठ्या हिमतीनं निभावलं.

आता दुखण्याकडे येतो. दोन वर्षांमागची गोष्ट. दिवाळी झाली. केळी चांगली होती, पोरगा पुण्यात नोकरीला लागून चार वर्षं झालेली, घरात सासू नाही, दारात तंटा नाही. म्हणजे उदास व्हायला कुठूनही वाट नव्हती. तरी ते आलं. कसं आलं हे मला सांगता येत नाही, आणि मला काही सांगता येत नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच होत होतं. सकाळी डोळे उघडायचे आणि अंगावर कोणीतरी ओल्या मातीचं पोतं टाकून गेल्यासारखं वाटायचं. मळ्यात जायचो, मुळाशी फुटलेले पील कापायला विळा घ्यायचो आणि केळीच्या बुंध्याशी बसून राहायचो. ऊन डोक्यावर आलं की कळायचं, सकाळ गेली. विळा तसाच हातात. जेवणाला चव नाही. पारावर हाक मारली की छातीत धस्स व्हायचं, आता काहीतरी गमतीचं बोलावं लागेल. विहिरीच्या कठड्यावर बसायची माझी जुनी सवय, ती मी मोडली. कशासाठी मोडली, ते कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

बायकोला सांगितलं. म्हटलं, मला काहीतरी होतंय. ती भाकरी थापत होती. मागं न बघता म्हणाली, "काय होतंय? शेपूट फुटतंय का?"

"तसं नाही. मनाला बरं नाही."

"मनाला!" तिनं भाकरी तव्यावर अशी आपटली की तव्यानं उत्तर दिलं. "मन कुठं ठेवलंय ते सापडलं का तुम्हाला? मला आख्खं घर झाडूनही सापडलं नाही. उठा, जनावरांना पाणी दाखवा."

मग थोरल्या भावाकडे गेलो. घरात शब्द त्याचा चालतो. तो म्हणाला, "काऊन रे, पोरगा ऐकत नाही का?"

"ऐकतो."

"बायकोशी वाजलं का?"

"नाही भाऊ."

"कोणी करणी केली असं वाटतं का?"

"नाही."

"मग तुले झालं काय? काई कारणच नाही, तर दुखणं कशाचं? तू सांगू रायला का बनवू रायला?"

हा प्रश्न मला त्या दोन महिन्यांत इतक्या जणांनी विचारला की मी कपाळावर पाटी लावायच्या बेतात होतो. पाय मोडला असता तर बरं, असं मला रोज वाटायचं. मोडलेल्या पायाला कोणी कारण विचारत नाही. विचारलंच तर शेण, चिखल, मोटरसायकल, काहीही चालतं.

भावानं निवृत्त गुरुजींना माझ्याकडे पाठवलं. गुरुजींनी गावाच्या तीन पिढ्यांना उभं राहून पाढे म्हणायला लावले आहेत. ते माझ्यासमोर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मन खंबीर ठेव." मी म्हटलं, कसं ठेवतात? ते म्हणाले, "ठेवायचं." आणि चहा पिऊन गेले.

त्याहून वाईट माझा मेव्हणा. हा शिरपूरचा. मोबाईलवर तीन आठवड्यांचा कसला तरी कोर्स करून तो माणसाचं आयुष्य सुधारणारा झाला होता. रोज पहाटे पाचला त्याचा उगवत्या सूर्याचा फोटो यायचा, खाली दोन ओळी उपदेश. तो खास गाडी काढून आला. म्हणाला, "दाजी, आरशासमोर उभं राहायचं आणि पाच मिनिटं हसायचं. मेंदूला वाटतं आपण आनंदात आहोत. मेंदू फसतो." मी म्हटलं, बाबा, मी जन्मभर लोकांचे मेंदू फसवले, आता माझाच राहिला होता. तरी केलं. माझं ते हसणं ऐकून गोठ्यातली म्हैस आटली. हे मी वाढवून सांगत असेन तर थोडंच. बायको मोरीतून ओरडली, "काय चाललंय आत?" मी म्हटलं, आनंद. ती म्हणाली, "दार लावून घ्या मग."

आणि मग भरीत. ही माझ्या भावाची कल्पना, आणि गावानं एकमतानं उचललेली. थंडीत आमच्याकडे भरीत पार्टी हा सगळ्यावरचा इलाज. पाहुणा आला, भरीत. भांडण मिटलं, भरीत. नाही मिटलं, तरी भरीत, फक्त दोन मळ्यांत वेगवेगळं. भाऊ म्हणाला, "त्याले लोकांत बसवा. तो चार गोष्टी सांगीन, मोकळा होईन." मी बायकोला म्हटलं, मला लोक नकोत, लोकांमुळेच जीव घाबरतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सत्तर माणसांचा कळणा दळून आणलाय. आता घाबरा नाहीतर मरा, पण मळ्यात चला."

जानेवारीतली दुपार. कपाशीच्या वाळल्या काड्या पेटवल्या, पोतंभर हिरवी वांगी त्यात लोटली. धूर, कांद्याची पात, तव्यावर मिरच्या, डोळ्यांतून पाणी आणि हसणं. बाया एका बाजूला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या तळत होत्या. गुरुजी आले होते, मेव्हणा आला होता, मोबाईल उंच धरून सगळ्यांचा आनंद टिपत होता. चुलतभाऊसुद्धा आला होता, कारण भाऊबंदकीतलं आमंत्रण नाकारायचं नसतं. तो लांब बांधावर माझ्याकडे पाठ करून बसला होता. तशी पाठ करायला सराव लागतो.

सोललेली वांगी लाकडी बडगीत आली आणि मुसळ माझ्या हातात दिलं. दर वर्षी ठेचायचं काम माझं, ठेचता ठेचता गोष्ट सांगायची. "होऊ द्या भो!" लोक ओरडले. मी दोन ठोके घातले. हात थांबला. सत्तर तोंडं माझ्याकडे उघडी. मी म्हणालो,

"मले बरं वाटत नाही."

 काड्या तडतडत होत्या.

मग कोणीतरी म्हणालं, "मंग? पुढं?"

"पुढं काही नाही. मले बरं वाटत नाही. दोन महिने झाले."

आणि ते हसले. आधी एक, मग दहा, मग सगळा मळा. "अरे चेहरा पाहा त्याचा!" भाऊ मांडीवर थाप मारून म्हणाला, "सुरुवात झकास आहे!" माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यावर अजून हसले. एकजण म्हणाला, "धूर गेला, धूर गेला." दुसरा म्हणाला, "नाई, हे गोष्टीतलं आहे, थांब." मेव्हण्यानं मोबाईल जवळ आणला. मी मुसळ उचललं आणि फेकलं. ते मेव्हण्याच्या कानाजवळून गेलं आणि पुऱ्यांच्या टोपल्यात पडलं. मी निशाणा धरून मारलं होतं, चुकलं हे माझं दुर्दैव. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

बायको घरापर्यंत माझ्या पुढं चालली. दारात आल्यावर म्हणाली, "सत्तर लोकांसमोर शोभा केली. जमत नव्हतं तर आजारी आहे म्हणून घरी राहायचं."  तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केळीच्या बुंध्याशी बसलो होतो. समोर दोन चपला येऊन थांबल्या. वर पाहिलं तर चुलतभाऊ. नऊ वर्षांनी तो मला तोंडाकडून दिसला, म्हातारा झाला होता.

"विहिरीले वळसा घालून काऊन जातो?" त्यानं विचारलं.

मी बुंध्याचं वाळकं पान ओढलं.

"पंधरा दिवस झाले पाहू रायलो. सरळ वाट कठड्याजवळून आहे. तू काट्यांतून जातो."

मी पान फाडत राहिलो.

"आणि काल जे बोलला, ते खरं आहे."

"तुले कसं कळलं?"

"तू थाप मारतो तेव्हा तुले आकडे लागतात. चाळीस हात, बारा माणसं, तीन कोस. थाप मारतो तेव्हा गोष्ट लांबत जाते. काल चार शब्दांत बसला. इतकं छोटं तू जन्मात बोलला नाई." त्यानं चप्पल झटकली. "गाव तुझ्या थापांवर हसतं, म्हणून गावाले त्या आठवत नाईत. मी वैरी आहे. मले बठ्ठ्या पाठ आहेत. उद्या आठ वाजता फाट्यावर उभा राय. धुळ्याले जायचं आहे. तिथी एक डॉक्टरीण आहे."

"जळगावला नाहीत का डॉक्टर?"

"आहेत. पण तुले तिथी कोणी पाहिलं तर तू त्याचीही गोष्ट करशीन."

घरी मी सांगितलं की पंपाचा पार्ट आणायला धुळ्याला जातोय. बायकोनं, भावानं, कोणी काही विचारलं नाही. एका शब्दात पटलं. खरं सांगायला दोन महिने घसा फोडला आणि थाप एका घासात गेली, त्या सकाळी मला सगळ्या खानदेशाचा राग आला.

गाडीत तो चालवत होता, मी शेजारी. पारोळा येईपर्यंत आम्ही दोघं पुढच्या काचेशीच बोलत होतो, म्हणजे गप्प होतो. मग मी विचारलं, "तुला ही डॉक्टरीण कशी माहीत?"

तो म्हणाला, "पोरीले नेत होतो. सव्वा वर्ष."

"तिला काय झालं होतं?"

त्यानं गियर बदलला. "भडगावची मंडळी गेली, त्यानंतर आणखी दोन स्थळं परत गेली. दोघांनी तेच विचारलं, झोपेत चालते का. मग ती झोपायची बंद झाली. झोपलो आणि खरंच चालायला लागलो तर, म्हणे. जेवणं सोडलं. तीही विहिरीले वळसा घालून जायची."

 मी पुष्कळ थापा मारल्या आहेत, त्यांतली एक कोणाच्या तरी पोटात जाऊन बसली असेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणालो, "माझं चुकलं. मला माफ—"

"गप," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून निघालेलं मी काई खरं धरत नाई. परवाचं एक सोडून. पोरगी आता सुरतला आहे, बरी आहे, नवरा चांगला आहे. ती माफ करो न करो, तिचं ती पाहीन. मी करणार नाई."

"मग मला कशाला नेतोस?"

"तुझ्याशी वैर धरलंय मी. वेड्याशी वैर धरलं तर लोक मले हसतीन. आधी बरा हो."

धुळ्याच्या त्या दवाखान्याची गोष्ट सांगतो. मला तिथं कळलं की जळगावची माणसं कोणी पाहू नये म्हणून धुळ्याला येतात आणि धुळ्याची जळगावला जातात. रोज सकाळी अर्धा खानदेश तोंड लपवून एकमेकांसमोरून गाड्या हाकतो. बाकड्यावर जेमतेम एक जागा होती. कोपऱ्यात मफलर गुंडाळलेला एक म्हातारा भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी त्याच्याजवळ बसलो. मफलर हलला. गुरुजी.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. ते म्हणाले, "गुडघा दाखवायला आलो."

मी म्हणालो, "मी पंपाचा पार्ट न्यायला."

"मिळाला?"

"बघू. तुमचा गुडघा?"

"खंबीर आहे," गुरुजी म्हणाले, आणि पुन्हा भिंतीकडे वळले. समोर एक धुळ्याकडची म्हातारी सुनेला घेऊन बसली होती. तिला आमचं बोलणं कळलं असावं. ती म्हणाली, "बठ्ठा आठेच येतस, भाऊ. लाज कसानी धरस?" सगळेच इथं येतात म्हणे! तिला काय जातंय बोलायला. तिला आमच्या गावात राहायचं नव्हतं.

डॉक्टरीण माझ्या पोरापेक्षा थोडीच मोठी असेल. तिनं विचारलं, किती दिवस झाले? मला आयतं मैदान मिळालं. म्हटलं, सात महिने डोळ्याला डोळा नाही, अन्नाचा कण नाही, वजन अर्धं झालं. तिनं माझ्या पोटाकडे एकदा बघितलं आणि पुन्हा विचारलं, "किती दिवस?"

"दोन महिने."

"झोप?"

"पहाटे तीनला उघडतात डोळे. मग नाही."

"जगायला नको असं वाटतं?"

कोणीच न विचारलेलं तिनं वेळ विचारावी तसं विचारलं. मी हो म्हणालो. मग किती वेळ काय बोललो ते मला आठवत नाही, पण त्यात एकही आकडा नव्हता. तिनं सांगितलं की याला नैराश्य म्हणतात, हा आजार आहे, कारण सापडलंच पाहिजे असं नसतं. गोळ्या लगेच काम करणार नाहीत, दोन-तीन आठवडे लागतील. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. दर आठवड्याला बोलायला यायचं. विहिरीकडे एकट्यानं जायचं नाही. आणि घरच्यांना सांगायचं. मी म्हटलं, बाकी सगळं करतो. ती म्हणाली, "नाही, सगळंच. आणि तोवर सोबत कोण आहे?" मी बाहेर बोट दाखवलं. "कोण लागतो?" मी म्हटलं, शत्रू. तिनं त्याला आत बोलावलं आणि त्यालाही सगळं समजावून सांगितलं.

त्यानंतर दर आठवड्याला मला पंपाचा एक पार्ट लागायचा. चुलतभाऊ मळ्यात बांधावर बसून विहिरीकडे नजर ठेवायचा, मी जवळ गेलो की शिवी हासडायचा. आमच्या घराण्यातल्या चार पिढ्यांचा त्यानं उद्धार केला, त्यात त्याच्याही तीन आल्या. पाचव्या आठवड्यात एका सकाळी मी पील कापायला लागलो आणि ओळ संपल्यावर लक्षात आलं की मी बसलोच नाही.

गोळ्यांचं पाकीट बायकोला सापडलं. मी ते धान्याच्या कोठीमागं ठेवलं होतं. ती ते हातात घेऊन ओट्यावर आली. भाऊ तिथंच बसला होता.

"हे काय?"

"पंपाचा पार्ट," मी म्हणालो. मग म्हणालो, "डोक्याच्या गोळ्या आहेत. धुळ्याहून आणतो."

भाऊ उसळला. "वेड्यांच्या गोळ्या? आपल्या घरात? सवय लागते त्यांची! अरे, भरितानं फरक पडला तुले, बठ्ठं गाव म्हणू रायलं!"

"भरितानं मला मरावंसं वाटलं, भाऊ."

"पाहा, पाहा, पुन्हा सुरू झाला." तो पाकीट हिसकायला उठला. बायकोनं हात मागं घेतला. ती पाकिटावरची अक्षरं उलटसुलट करून बघत होती. बारा गोळ्यांपैकी सात संपलेल्या.

"हे विकत मिळतं म्हणजे डॉक्टरनं लिहून दिलं असेल," ती भावाला म्हणाली. "यांनी थाप मारली असेल, पण औषधवाला कशाला थाप मारेल?" मग माझ्याकडे वळली. "पुढच्या वेळी मी येते. बघते ती डॉक्टरीण कोण ते."

धमकीच होती ती. चुलतभावाला मी निरोप दिला की या वेळी येऊ नको. का ते त्यानं विचारलं नाही, फक्त म्हणाला, "बरं झालं. डिझेल वाचलं." आणि त्या दिवसापासून त्याचं बोलणं पुन्हा बंद झालं, ते आजपर्यंत बंद आहे.

बायको दवाखान्यात हळदीकुंकवाला निघाल्यासारखी नेसून आली, आणि भांडायला निघाल्यासारखी बसली. डॉक्टरीण म्हणाली, घरी कसे असतात हे? तुम्हाला काय दिसतं?

"दिसायचं काय त्यात?" बायको म्हणाली. "सकाळी उठवत नाही म्हणे. जेवणाला चव नाही म्हणे. काही करावंसं वाटत नाही, उगीच रडू येतं. ताई, तुम्ही शिकलेल्या आहात म्हणून विचारते, हे काय दुखणं झालं? हे तर मला पोरगा पुण्याला गेल्यापासून आहे. चार वर्षं. मी स्वयंपाक सोडला का? मी मुसळं फेकली का?"

मी हसलो.

खरंच हसलो. मला वाटलं, काय टोला हाणलाय बाईनं. मांडीवर थाप मारायला हात उचललासुद्धा. मग पाहिलं तर डॉक्टरीण हसत नव्हती. तिनं माझा कागद बाजूला सरकवला होता आणि पेन खाली ठेवलं होतं. बायकोही हसत नव्हती. ती माझ्याकडे अशी बघत होती की मी आजवर तिच्या नजरेतून कसा सुटलो याचंच मला नवल वाटलं.

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरीण मला म्हणाली.

"त्यांना कशाला बाहेर? पेशंट ते आहेत," बायको म्हणाली, पण आवाज तिचा नेहमीचा नव्हता. तव्यावर भाकरी आपटणारा तो आवाज मधेच कुठंतरी तुटला. मी उठलो. दार ओढून घेतलं. 

बाहेर कंपाउंडर माझा केसपेपर शोधत होता. "तुम्ही बाहेर कसे? नंबर तर तुमचा आहे."

"दुसरा कागद काढा," मी म्हटलं. "बाईच्या नावानं."

त्यानं नाव लिहिलं, वय लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "त्रास काय म्हणून लिहू?"

"जागा सोडा तिथं," मी म्हणालो. "ती सांगेल. मी चार वर्षं समोर बसून जेवलो, मला माहीत नाही."